भीती मेट्रोच्या दाराची नको, शेकाच्या मशीनची हवी

पार्किन्सनच्या कंपासाठी मेंदूत, अपस्मारासाठी मानेतल्या व्हेगस नसेवर, तर जुनाट पाठदुखीसाठी मणक्यात बारीक तारा बसवतात. त्यांना वीज पुरवणारं यंत्र छातीत, पोटात किंवा कमरेखाली त्वचेआड असतं. असं यंत्र बसवलेल्या माणसाच्या घरात भीती बरेचदा नको त्या गोष्टीची असते आणि खऱ्या धोक्याकडे दुर्लक्ष होतं.

गैरसमज : गुडघ्याला शेक घेतला तर काय बिघडतं? तार तर डोक्यात आहे.

वस्तुस्थिती : सर्वांत मोठा धोका इथेच आहे. फिजिओथेरपीत गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना पॅड ठेवून आतपर्यंत शेक देतात, ती शॉर्टवेव्ह डायथर्मी. तिची ऊर्जा शरीरातल्या तारा ओढून घेतात, तारेचं टोक तापतं आणि तिथला मेंदूचा किंवा नसेचा भाग भाजतो. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं डिसेंबर २००२ मध्ये असा इशारा दिला, तेव्हा दोन रुग्णांच्या मेंदूला गंभीर इजा झाली होती. एकानं तोंडाच्या शस्त्रक्रियेनंतर, तर दुसऱ्यानं पाठीच्या बाकासाठी हा शेक घेतला होता. म्हणून डायथर्मी शरीरावर कुठेही नको.

गैरसमज : यंत्र बंद केलं की शेक चालतो.

वस्तुस्थिती : नाही. यंत्र बंद असलं तरी तारा आतच असतात आणि त्या तापतात.

गैरसमज : आता मेट्रोनं जाणं सोडायचं.

वस्तुस्थिती : नागपूरच्या सीताबर्डी मेट्रो स्थानकावर किंवा विमानतळावर आधी यंत्राचं ओळखपत्र दाखवा आणि हातानं तपासणी करण्याची विनंती करा. मेटल डिटेक्टरच्या दारातून जावंच लागलं, तर मधून, नेहमीच्या चालीनं पुढे जा. तिथे रेंगाळू नका, टेकू नका. हातातला डिटेक्टर यंत्रावर धरू देऊ नका. अशा ठिकाणी यंत्र कधी आपोआप बंद-चालू होऊ शकतं, एवढंच.

गैरसमज : एमआरआय आता कधीच करता येणार नाही.

वस्तुस्थिती : ते मॉडेलवर ठरतं. अनेक नव्या यंत्रांसह ठरावीक अटी पाळून एमआरआय करता येतो. मात्र यंत्र, तारा आणि तपासायचा अवयव, तिन्ही पाहूनच डॉक्टर परवानगी देतात. साधी सोनोग्राफी सहसा चालते.

गैरसमज : बरं वाटतंय, तर यंत्र थोडे दिवस बंद ठेवू.

वस्तुस्थिती : पार्किन्सनच्या रुग्णात यंत्र अचानक थांबलं, तर अंग ताठरणं, ताप, गोंधळलेपण असा जिवावर बेतणारा प्रसंग येऊ शकतो. बॅटरी संपत आल्याची सूचना दिसताच डॉक्टरांना कळवा. नागपूरच्या मे महिन्यात चार्जर आणि रिमोट बंद गाडीत ठेवू नका.

यंत्राचं ओळखपत्र आधार कार्डासारखं सतत जवळ बाळगा. दात काढायचा असो, शस्त्रक्रिया असो की फिजिओथेरपी, टेबलावर झोपण्याआधी पहिलं वाक्य हेच म्हणा : "माझ्या अंगात नसेचं यंत्र आहे."