दहा हजारांमागे एक

समजा, वीस हजार माणसांची छावणी आहे. ताडपत्रीची छपरं, मधून चिखलाची वाट. युद्धातून पळून आलेली माणसं महिनाभर इथे राहताहेत. गेल्या आठवड्यात त्यांतली 28 दगावली. हा आकडा मोठा म्हणायचा की लहान?

आपल्याकडे एवढ्याच वस्तीच्या गावात आठवड्याला साधारण दोन-तीन मृत्यू होतात. छावणीतली आरोग्य अधिकारी मात्र वेगळा हिशेब मांडते. सात दिवसांत 28, म्हणजे रोज चार. वीस हजारांत चार, म्हणजे दहा हजारांमागे दोन. जगभरच्या मदतकार्यात एक रेषा मानतात: रोज दहा हजारांमागे एकाहून जास्त मृत्यू होऊ लागले, की ती आणीबाणी. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी ही रेषा दोनची. आपल्या छावणीने रेषा केव्हाच ओलांडली आहे, आणि फिरणाऱ्याच्या नजरेला ते दिसणारही नाही. बायका चुली पेटवताहेत, पोरं टायर पळवताहेत. हे मरण कळतं ते फक्त वहीत.

युद्ध किंवा भूकंप म्हटलं की आपल्यासमोर शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर येतो. त्याचं मोल आहेच. पण घरदार सोडून आलेली माणसं छावणीत मरतात ती बहुतेक हगवण, गोवर, न्यूमोनिया, हिवताप आणि उपासमार यांनी. त्यांना वाचवणाऱ्याच्या हातात बादली असते, मोजपट्टी असते आणि वही असते. या कामाबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गोमाचं उदाहरण घेतल्याशिवाय हे काम समजत नाही. जुलै 1994. रवांडातल्या नरसंहारानंतर राजवट कोसळली आणि चार-पाच दिवसांत पाच ते आठ लाख माणसं सीमा ओलांडून तेव्हाच्या झैरेमधल्या गोमा शहराच्या परिसरात आली. तिथली जमीन ज्वालामुखीच्या लाव्ह्याची. कुदळ मारली तर ठिणगी उडावी असा खडक. शौचालयाचा खड्डा खणता येईना, कबरही खणता येईना. पाणी होतं ते किवू सरोवराचं, आणि उत्तरेकडच्या किबुम्बासारख्या छावण्यांपासून ते कोसो दूर. सुरुवातीच्या दिवसांत माणशी दिवसाला एक लिटरही स्वच्छ पाणी मिळत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात कॉलरा आला, त्याच्या पाठोपाठ रक्ती हगवण. महिन्याभरात जवळपास 50,000 माणसं गेली. काही छावण्यांत मृत्यूचा दर दहा हजारांमागे रोज वीसच्या वर होता. प्रेतं चटयांत गुंडाळून रस्त्याच्या कडेला ठेवलेली असत, ट्रक ती उचलत, आणि किती मेले हे ट्रकमध्ये चढवलेल्या प्रेतांवरून मोजावं लागलं.

जगभरच्या संस्था आणि मदतीचं सामान गोमात येऊन पोहोचलं होतं. तरीही एवढी माणसं गेली, हे त्या क्षेत्रातल्या लोकांना फार लागलं. त्यातूनच 1997 मध्ये ‘स्फिअर’ नावाचा उपक्रम उभा राहिला आणि मदतीची किमान मापं लिहून काढली गेली. माणशी रोज किमान 15 लिटर पाणी. एका नळावर जास्तीत जास्त 250 माणसं. वीस माणसांमागे एक शौचालय. आज जगातल्या कुठल्याही छावणीत आरोग्य अधिकारी आधी तिथली स्थिती या आकड्यांशी ताडून पाहते. 15 लिटर म्हणजे किती, हे घरची एक बादली डोळ्यांसमोर आणली की कळतं: तेवढ्यात पिणं, स्वयंपाक, अंघोळ आणि पोराचं ढुंगण धुणं.

पाणी शुद्ध करायचं काम कसं चालतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. नदीकाठी किंवा विहिरीशी एक माणूस उभा असतो. हातात सुई नसलेली सिरिंज, शेजारी क्लोरीनच्या द्रावणाचा डबा. बाई वीस लिटरचा कॅन भरून आली की तो मोजून काही मिलिलिटर द्रावण त्यात सोडतो आणि सांगतो, अर्धा तास थांबा, मग प्या. दिवसभर हेच. किती द्रावण घालायचं हे रोज सकाळी त्या पाण्याची चाचणी घेऊन ठरतं, कारण पावसाने पाणी गढूळ झालं की कालचं माप आज पुरत नाही. आपल्या गावांत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकणाऱ्या आणि पाण्यातल्या क्लोरीनची ओटी चाचणी करणाऱ्या कर्मचाऱ्याला हे ऐकून नवल वाटणार नाही. 2019 च्या पुरानंतर कोल्हापूर-सांगलीकडेही पाण्याच्या शुद्धीकरणावर असाच भर द्यावा लागला. आणि तक्रारही तीच, तिथे काय नि इथे काय: पाण्याला वास येतो. वासाला कंटाळून बाई मागच्या डबक्यातून पाणी भरू लागली, तर सगळी मेहनत वाया. म्हणून तिच्याशी बोलायला तिच्या भाषेतली, तिच्याच वस्तीतली बाई लागते. याबाबत अधिकाऱ्याची पदवी कामाची नाही.

कॉलऱ्यावरच्या उपायाची गोष्ट तर आपल्याच देशातली. 1971 मध्ये बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामात सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. सीमेवरच्या बनगावच्या रुग्णालयात कॉलऱ्याचे रोगी जमिनीवर पडलेले, शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलेलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी तिथे ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून रोग्यांना पाजायला सुरुवात केली. जलसंजीवनीच्या चाचण्या आधी ढाका आणि कोलकात्यात झाल्या होत्या, पण त्या इस्पितळातल्या देखरेखीखाली. इथे द्रावण ड्रममध्ये भरून ठेवलं आणि आई, भाऊ, शेजारी यांच्या हाती पेले दिले. शंभरात तीस मरत होते तिथे त्यांच्या देखरेखीखालच्या रोग्यांत तीन-चारच दगावले. 2023 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. हयातीत आपण त्यांना ओळखलं नाही, ही खंत आहेच.

बनगावच्या त्या कामानंतर तेवीस वर्षांनी, 1994 मध्ये, ढाक्याच्या कॉलरा संशोधन केंद्राचं पथक गोमात पोहोचलं. त्यांना दिसलं की उपचार केंद्रांत सलाईन चालू होतं, पण फार सावकाश, आणि तोंडाने पाजायच्या पाण्याकडे दुर्लक्ष होत होतं. कॉलऱ्यात शरीरातलं पाणी काही तासांत संपतं. ते तितक्याच झपाट्याने परत घालावं लागतं. कॉलरा आयुष्यभर पाहिलेल्या बंगाली डॉक्टरांना हे तळहातासारखं ठाऊक होतं. श्रीमंत देशांतून आलेल्या अनेकांनी तो रोग पूर्वी पाहिलेलाच नव्हता.

गोवराचं तसंच. आपल्याला तो लहानपणी अंगावर काढायचा आजार वाटतो. उपाशी, दाटीत राहणाऱ्या मुलांत तो जीवघेणा आहे. म्हणून छावणी उभी राहताच, एकही रोगी दिसण्याची वाट न पाहता, सहा महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना लस द्यायची असा दंडक आहे. त्याच रांगेत मुलाच्या डाव्या दंडाला रंगीत पट्टी गुंडाळतात. अंगणवाडी ताईंना हा दंडघेर पाठ असतो. 115 मिलिमीटरच्या आत भरला तर लाल: हे मूल तातडीने उपचाराला घ्यायचं. पट्टी फार आवळली तर चांगलं मूल लाल दिसतं, सैल सोडली तर मरणाच्या दारातलं मूल हिरवं. म्हणून पट्टी धरायला शिकवण्यात अर्धा दिवस जातो, आणि तो वाया गेला असं कोणी म्हणू नये.

कधी कधी अधिकाऱ्याला भीतीही मोडून काढावी लागते. भूकंप झाला की लगेच बोललं जातं, प्रेतांमुळे साथ येईल. ढिगाऱ्याखाली दबून गेलेल्या माणसाच्या देहातून साथ येत नाही. कॉलऱ्याने गेलेल्याची गोष्ट निराळी, तिथे काळजी घ्यावीच लागते. किल्लारीच्या भूकंपानंतरही सामूहिक अंत्यसंस्कार करावे लागले. घाई टाळता येते तिथे ती टाळावी, ओळख पटवावी, आईला लेकराचं तोंड पाहू द्यावं. साथीची खरी भीती जिवंत माणसांच्या दाटीत असते.

अशीच दाटी बांगलादेशातल्या कॉक्स बाजारला झाली. 2017 मध्ये तिथे सात लाखांवर रोहिंग्या निर्वासित आले तेव्हा कॉलऱ्याची लस ऑक्टोबरातच पाजायला घेतली, पहिल्या फेरीत सुमारे सात लाख जणांना. कॉलऱ्याची मोठी साथ आली नाही. आला तो घटसर्प, जो तिथे आलेल्या कित्येक तरुण डॉक्टरांनी फक्त पुस्तकात पाहिला होता.

आता पुन्हा आपल्या छावणीकडे. 28 हा आकडा खरा आहे कशावरून? रेशन माणशी मिळतं. घरातलं माणूस गेलं असं सांगितलं तर त्याच्या वाट्याचं धान्य बंद होतं, म्हणून मृत्यू लपवले जातात. याबद्दल त्या घराला दोष देणं मला जमत नाही. उलट गोमात छावण्यांवर जुन्या राजवटीचे पुढारी आणि सशस्त्र टोळ्या यांचा ताबा होता, आणि जास्त धान्यासाठी माणसांचे आकडे फुगवले जात. माणसं जास्त दाखवली की मृत्यूचा दर आपोआप कमी दिसतो. म्हणून अधिकारी झोपड्या मोजते, काही झोपड्यांत जाऊन माणसं मोजते, आणि दफनभूमीपाशी एक माणूस पगारावर बसवते. रोज किती कबरी खणल्या, त्यांतल्या किती लहान, एवढंच त्याने लिहायचं.

नळ वाढवले, क्लोरीन सुरू झालं, लसीकरण उरकलं. पुढच्या आठवड्याच्या वहीत 28 ऐवजी 11 हा आकडा येतो. हिशेब करायला तिला क्षणही लागत नाही: दहा हजारांमागे एकाच्या खाली. तंबूत कुणीतरी हुश्श करतं. ती मात्र वही मिटते, चपला घालते आणि दफनभूमीकडे निघते. त्या माणसाची गाठ घ्यायची आहे, तो रोज येत होता ना हे विचारायचं आहे, आणि मग नव्या मातीचे उंचवटे स्वतः मोजायचे आहेत.