इव्हँजेलिकल म्हणजे नेमके कोण?

हा एकच पंथ नव्हे. बॅप्टिस्ट, मेथडिस्ट, पेन्टेकॉस्टल, अँग्लिकन अशा अनेक चर्चमधून वाहणारा हा प्रवाह आहे. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड बेबिंग्टन यांनी १९८९ मध्ये त्याच्या चार खुणा सांगितल्या: बायबलचा सर्वोच्च अधिकार, वधस्तंभावरील ख्रिस्ताच्या मरणाने होणारे तारण, मनःपरिवर्तन आणि सुवार्तेसाठी झटणे.

यातली तिसरी खूण कळली की बाकीच्या आपोआप उलगडतात. ख्रिस्ती घरात जन्म झाला, बाप्तिस्मा झाला, एवढ्यावर भागत नाही. ज्याने त्याने पश्चात्ताप करून स्वतः विश्वास ठेवायचा. हाच 'नवा जन्म'. तारण पुण्याईने कमवायचे नसते, ते कृपेने मिळते.

बाप्तिस्मा आणि नवा जन्म यांतला हा फरक समाजसुधारक पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात दिसतो. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. पण ख्रिस्ताचा धर्म मिळाला तरी खुद्द ख्रिस्त भेटायला आणखी सुमारे आठ वर्षे लागली, असे त्यांनीच आपल्या आत्मकथनात नोंदवले आहे. बायबल सामान्य बाईला स्वतः वाचता यावे, या तळमळीने त्यांनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये ते मूळ हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत आणले. संपूर्ण भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी.