कॅन्सरच्या संशोधनात नाव द्यावं का? शेजारच्या धाराशिवच्या बायांचा अनुभव वाचा

"दवाखान्याचं संशोधन चालू आहे, नाव द्या," असं कोणी गावात येऊन म्हणालं की आपल्याकडं दोनच गोष्टी होतात. काही घरं दार लावून घेतात, "आमच्यावर प्रयोग करायलेत" म्हणून. बाकीचे काही न विचारता अंगठा देऊन मोकळे होतात. लातूर-नांदेडच्या वाचकांनी या दोन्हीच्या मधला रस्ता समजून घ्यावा, म्हणून हा लेख.

तेव्हाचा उस्मानाबाद म्हणजे आताचा धाराशिव जिल्हा. आपला लातूर 1982 साली त्यातूनच वेगळा झाला. तिथं 1999 पासून गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरचा, म्हणजे बाया ज्याला पिशवीचा कॅन्सर म्हणतात त्याचा, जगातल्या मोठ्या अभ्यासांपैकी एक झाला. 30 ते 59 वयाच्या 1 लाख 31 हजार 746 महिला त्यात होत्या. गावांचे 52 गट केले आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखे ते चार भागांत वाटले. एका भागात एचपीव्ही या विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पॅप तपासणी, तिसऱ्यात ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी. चौथ्या भागाला नेहमीचीच सोय, फक्त तपासणी कुठं होते ते सांगितलं. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा आणि फ्रान्समधली कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून हे काम केलं.

निकाल 2009 साली छापून आला. एचपीव्ही तपासणीच्या गटात या कॅन्सरनं 34 महिला गेल्या, चौथ्या गटात 64. दोन्ही गट जवळपास सारख्याच आकाराचे होते. एकदाच केलेल्या तपासणीनं मृत्यू निम्म्यावर आले. आज जागतिक आरोग्य संघटना एचपीव्ही तपासणीला पहिली पसंती देते, त्यामागच्या पुराव्यात आपल्या शेजारच्या शेतकरी, मजूर बायांचा वाटा आहे. परदेशातल्या बाईलासुद्धा त्याचा उपयोग होतो. आपल्याकडं मात्र हे किती जणांना माहीत आहे?

एवढ्या बाया तयार कशा झाल्या? तपासणीसाठी निवडलेल्या दर दहापैकी जवळपास आठ जणी आल्या होत्या. आजच्या शिबिराची गर्दी पाहिली की हा आकडा खरा वाटत नाही. त्याचं उत्तर आधीच्या बारा वर्षांत आहे. 1987 पासून बार्शीच्या हॉस्पिटलचे लोक बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांतल्या गावांत कॅन्सरची नोंद ठेवत होते. ग्रामीण भागातली ही देशातली पहिली कॅन्सर नोंदणी. नोंद घेता घेता ते बायांशी बोलायचे. पाळी गेल्यावर रक्त जाणं, संबंधानंतर रक्त जाणं, घाण वासाचं पांढरं जाणं अंगावर काढू नका, असं सांगायचे. काही वर्षांत लवकरच्या टप्प्यात दवाखाना गाठणाऱ्या बायांचं प्रमाण वाढलं. म्हणजे आधी ओळख आणि माहिती, मग संशोधन. गाडीतून उतरून थेट फॉर्म पुढं करणाऱ्यांनी हे वाचावं.

त्याच अभ्यासावर टीकाही झाली, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. चौथ्या गटातल्या बायांना तपासणी का दिली नाही, हा प्रश्न देशात आणि अमेरिकेतही विचारला गेला. माझ्या मते प्रश्न रास्त आहे. त्या वेळी सरकारी दवाखान्यात ही तपासणी नव्हतीच, हे संशोधकांचं उत्तर खरं असलं तरी त्या 64 घरांना ते पुरणार नाही.

दुसरं उदाहरण लसीचं. 2009 साली देशात नऊ ठिकाणी, त्यात बार्शीही होती, मुलींना एचपीव्ही लसीचे दोन डोस पुरतात की तीन लागतात याचा अभ्यास सुरू झाला. त्याच सुमारास आंध्र आणि गुजरातमधल्या एका वेगळ्या लस प्रकल्पात काही मुली दगावल्या. चौकशीत त्या मृत्यूंचा लसीशी संबंध दिसला नाही. पण संमतीचा घोळ उघड झाला. आंध्रात आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननंच सह्या केल्या होत्या. 2010 मध्ये सरकारनं सगळीकडचं लसीकरण थांबवलं आणि हजारो मुलींचा एकच डोस झाला. संशोधकांनी या मुलींची साथ सोडली नाही. दहा वर्षांनी कळलं की एकच डोस जवळपास तेवढंच संरक्षण देतो. 2022 साली जागतिक आरोग्य संघटनेनं एक डोसही चालेल असं सांगितलं, त्यात या मुलींचा मोठा हात आहे.

आता आपल्या भागाकडं या. किनवट-माहूरचे गोंड पाडे, मुखेड-कंधार-जळकोटचे बंजारा तांडे, शहरातले मुस्लिम मोहल्ले, गावाबाहेरची भटक्यांची पालं. अशा वस्त्यांपर्यंत अभ्यास उशिरा पोचतात किंवा पोचतच नाहीत. दिवाळीनंतर टोळ्या ऊसतोडीला गेल्या की तांड्यात म्हातारी माणसंच उरतात. डिसेंबरात सर्वे केला तर ती बाई कागदावर येणारच कशी? देगलूर-बिलोलीकडं तेलुगू, तांड्यात गोरमाटी, मोहल्ल्यात दखनी. फॉर्म मात्र पुस्तकी मराठीत.

भीतीलाही कारण आहे. 2019 साली बीड जिल्ह्यात सुमारे 82 हजार ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा 13 हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. "तपासायला गेले की पिशवी काढतेत" असं बाई म्हणते ते उगाच नाही. तिला सांगावं लागतं की एचपीव्ही तपासणीत आतून फक्त मऊ ब्रशनं नमुना घेतात, काही कापत नाहीत.

मग कोणी संशोधनासाठी आलं तर विचारा. तुमच्या भाषेत समजावलेला कागद द्या म्हणा, त्याची एक प्रत घरी ठेवा. वाचता येत नसेल तर त्यांच्या संस्थेबाहेरचा साक्षीदार समोर हवा. नैतिक समितीची परवानगी आहे का, फोन कुणाला करायचा, हे कागदावर असतं. औषधाची किंवा लसीची चाचणी असेल तर सीटीआरआय नोंदणी क्रमांक मागा. 2009 पासून ही नोंद सक्तीची आहे आणि मोबाइलवर कोणालाही पाहता येते. 2019 च्या नियमांनुसार अशा चाचणीमुळं इजा झाली तर उपचार आणि भरपाई मिळते. कधीही बाहेर पडता येतं, त्यामुळं नेहमीचा उपचार बंद होत नाही. "मला कोणत्या गटात टाकणार, आणि त्या गटाला काय मिळणार?" हा प्रश्न तर विचाराच.

आणि एक घोटाळा टाळा. 30 वर्षांवरील लोकांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची सरकारी तपासणी हे संशोधन नाही, तो तुमचा हक्क आहे. ती कधी, कुठं होते ते आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, आणि टोळीला जाण्याआधी करून घ्या.