तोतरेपणा: थांबायचं, पण किती दिवस?

तीन वर्षांचं मूल कालपर्यंत घडाघडा बोलत होतं आणि आज ‘पा-पा-पा-पाणी’ म्हणून अडतं, तेव्हा सातारा-सांगलीकडच्या घरांत दोन सल्ले हमखास मिळतात. आजी वेखंड उगाळून जिभेला लावायला सांगते, तर शेजारपाजारचे म्हणतात, ‘मोठा झाला की आपोआप सुटेल.’ वेखंडाने तोतरेपणा जातो याला पुरावा नाही. दुसऱ्या सल्ल्यात तथ्य आहे, पण ते अर्धंच.

तोतरेपणा बहुधा दोन ते चार वर्षांच्या वयात सुरू होतो. शंभरातल्या साधारण पाच मुलांना तो कधी ना कधी होतो आणि चारांतल्या तिघांचा पुढे आपोआप जातो. चौथं मूल कोणतं, हे आधी खात्रीने सांगणारी तपासणी नाही. मात्र मुलगा असणं, घरात मोठेपणीही तोतरं बोलणारं कुणी असणं, सुरुवात साडेतीन वर्षांनंतर होणं आणि वर्ष होत आलं तरी उतार न पडणं, या गोष्टी असतील तर धोका वाढतो.

बोलणं नीट ऐका. ‘मला मला चेंडू दे’ असं अख्खा शब्द पुन्हा म्हणणं या वयात सर्रास घडतं. पण ‘म-म-म-मला’ किंवा ‘म्म्म्मला’ असं होत असेल, ओठ आवळले जाऊन, डोळे मिटून आवाजच फुटत नसेल, तर तो तोतरेपणा आहे.

सुरुवात झाली ती तारीख लिहून ठेवा, दर महिन्याला मोबाइलवर बोलणं रेकॉर्ड करा आणि स्पीच थेरपिस्टला लवकर दाखवा. मूल आनंदात असेल आणि अडखळणं कमी होत असेल, तर तज्ज्ञांच्या नजरेखाली वर्षभर थांबता येतं. पण ते रडकुंडीला येत असेल, बोलणंच टाळत असेल किंवा इतर मुलं चिडवत असतील, तर थांबू नये. काहीही झालं तरी सहाव्या वर्षी पहिलीत जाण्याआधी उपचारांना पुरेसा वेळ मिळायला हवा. शाळकरी वयात तोतरेपणा सुटणं अवघड होत जातं.

सिडनीत विकसित झालेल्या ‘लिडकम’ पद्धतीत थेरपिस्ट आई-वडिलांनाच शिकवतात. रोज थोडा वेळ चित्रांचं पुस्तक घेऊन बसायचं, मूल न अडखळता बोललं की ‘किती छान सलग बोललास!’ म्हणायचं आणि दिवसाची नोंद आकड्यात करायची. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या न्यूझीलंडमधल्या 54 मुलांच्या चाचणीत, नऊ महिन्यांनी उपचार घेतलेल्या मुलांचं अडखळणं शंभर अक्षरांमागे सरासरी दीडवर आलं होतं. हे उपचार न मिळालेल्या दुसऱ्या गटातही ते उतरलं, पण जवळपास चारवरच. म्हणजे तिथेही काही मुलं आपोआप सुधारत होती, पण उपचारांनी त्याहून जास्त फरक पडला.

तोतरेपणाचं मूळ मेंदूच्या जडणघडणीत आणि आनुवंशिकतेत आहे. आईच्या लाडात किंवा बापाच्या धाकात नाही. म्हणून ‘नीट बोल’, ‘सावकाश बोल’ असं दटावू नका. मुलाचं वाक्य त्याला पुरं करू द्या.

2013 पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतात. त्या धावपळीत अडखळणं नजरेतून सुटू शकतं, म्हणून पालकांनी आणि सेविकांनी स्वतःहून सांगावं आणि जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात स्पीच थेरपिस्टची चौकशी करावी. वाट जरूर पाहा, पण ती कुठवर पाहायची हे पहिल्याच महिन्यात ठरवून टाका.