डोंबिवलीचा दिग्दर्शक, फाळक्यांचा वाटाणा आणि भाताचा तुकडा



मागच्या आठवड्यात दुकानात रंगाचे डबे लावत होतो, तेवढ्यात आपल्या किन्हवलीचाच एक पोरगा आला. लग्नाचे, हळदीचे शूट करतो. हात चांगला आहे त्याचा. म्हणाला, "दादा, मला पिक्चर बनवायचाय. बाबा म्हणतात एक तुकडा विकू, त्यात कॅमेरा घेऊ."

भाताची जमीन विकून कॅमेरा! मी डबा खाली ठेवला आणि दोन चहा सांगितले.

त्याला मी पहिलं नाव सांगितलं ते रवी जाधवांचं. मुद्दाम, कारण माणूस आपल्याच बाजूचा, डोंबिवलीचा. जे. जे. उपयोजित कला महाविद्यालयात शिकले आणि मग जाहिरात क्षेत्रात क्रिएटिव्ह डायरेक्टर म्हणून काम केलं. त्यांचा पहिला सिनेमा 'नटरंग' आला 1 जानेवारी 2010 ला. आनंद यादवांची कादंबरी, अतुल कुलकर्णी, अजय-अतुलचं संगीत. मराठीतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. लोकांना वाटतं, पहिल्याच चेंडूवर सिक्सर. अहो, त्याआधीची नेट प्रॅक्टिस कोण मोजणार?

जाहिरातीत काय होतं ते बघा. 30 सेकंदांत गोष्ट सांगायची असते. पैसे दुसऱ्याचे, तारीख दुसऱ्याची, आणि 'हे बदला' म्हणणारी चार माणसं डोक्यावर. वैताग येतो. पण बजेट, वेळ आणि गिऱ्हाईक हे तिन्ही सांभाळायला माणूस तिथेच शिकतो, आणि शिकताना पगारही मिळतो. माझ्या मते याहून स्वस्त फिल्म इन्स्टिट्यूट नाही.

पुढचा प्रवासही बघण्यासारखा आहे. 'बालगंधर्व' 2011 ला, 'बालक-पालक' 2013 ला, 2014 ला 'टाइमपास', जो तुफान चालला. आणि त्यानंतर या माणसाने काय केलं? 'मित्रा' नावाचा लघुपट, तेंडुलकरांच्या कथेवर. त्यालाही राष्ट्रीय पुरस्कार. आपल्या भाषेत सांगायचं तर एक माल गल्ला भरणारा, एक माल मनासारखा. पण सगळं आपल्या हातात नसतं हेही खरं. त्यांचा 'न्यूड' 2017 ला गोव्याच्या इफ्फीतून ऐन वेळी वगळला गेला, आणि थिएटरात यायला एप्रिल 2018 उजाडला. तेव्हा धंद्यात थांबायची ताकद ठेवावी लागते. सगळी जमीन विकून बसलेला माणूस थांबू शकत नाही.

पोरगा म्हणाला, "पण फाळक्यांनी तर दागिने गहाण ठेवले होते ना?"

ठेवले होते, बरोबर. सरस्वतीबाईंचे. पण आधी काय केलं ते कोणी सांगत नाही. दादासाहेब फाळके 1912 मध्ये लंडनला जाऊन कॅमेरा घेऊन आले. आल्याआल्या पौराणिक सिनेमाला हात घातला नाही. कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याचं रोप कसं वाढतं त्याची छोटीशी फिल्म केली. तीच पैसेवाल्यांना दाखवली. 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 ला मुंबईत कोरोनेशनला लागला, तो त्यानंतर. आज आपण याला सॅम्पल म्हणतो. म्हसाच्या जत्रेतसुद्धा घोंगडी उलगडून दाखवल्याशिवाय कोणी घेत नाही.

मग कॅल्क्युलेटर काढला. त्याला हवा तो कॅमेरा, लेन्स, लाइट मिळून 3 लाख. वर्षाला शूट साधारण 35 दिवस, बाकी पावसाळा नि रिकामे दिवस. कल्याणहून भाड्याने आणला तर दिवसाला 2,000, म्हणजे वर्षाला 70,000. वसुलीलाच चार वर्षांहून जास्त, तोवर मॉडेल जुनं!

म्हटलं, सोड, माझ्या दुकानाची 30 सेकंदांची जाहिरात कर, रेट सांग. "पाच हजार, दादा." लगेच, विचार न करता. मी म्हटलं, कागदावर लिही. कॅमेरा भाडं 2,000. दोन मदतनीस 1,200. पेट्रोल, जेवण 600. उरले 1,200 आणि त्याचे स्वतःचे दिवस तीन. म्हणजे दिवसाला 400. लावणीला जाणाऱ्या मजुरालाही यापेक्षा जास्त मिळतं. पोरगा कागदाकडे बघत राहिला.

दुसरा कागद 9,500 चा झाला. त्यात त्याने काय काय लिहिलं ते महत्त्वाचं: बदल फक्त दोनदा, तिसऱ्या बदलाचे वेगळे पैसे; सिनेमाचं गाणं नाही, वापराची परवानगी असलेलंच संगीत; अर्धे पैसे आधी. माझं स्वतःचं यात एकदा तोंड पोळलंय. दुकान उघडलं तेव्हा एकाकडून व्हिडिओ करून घेतला, तोंडी बोलणीवर. ड्रोन उडाला, ढोल वाजला, पण दुकानाचा पत्ताच आला नाही! बदल करायला सांगितला तर म्हणे, आता ते फाइलीतून डिलीट झालं.

आणि हो, उद्यम नोंदणी फुकट होते, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका. सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर सहसा जीएसटीचीही घाई नाही. ते एवढ्यातच आटपतो, त्यावर वेगळा व्हिडिओ करू.

4,750 रुपये ॲडव्हान्स मी त्याला तिथेच दिले. संध्याकाळी त्याचे बाबा दुकानात आले, पत्र्याचे खिळे घ्यायला. जमिनीचं काही बोलले नाहीत. जाताना एवढंच विचारलं, "जाहिरातीत मला उभं करणार म्हणतोय. धोतर नेसू की पँट?"