साध्या लागरची पारख

जगात सर्वाधिक खपणारी बिअर म्हणजे फिकट सोनेरी, फेसाळ, जेमतेम कडवट लागर. बडवायझर, हाइनेकेन, कार्ल्सबर्ग, किंगफिशर ही नावे वेगळी असली तरी कूळ एकच. या बिअरबद्दल दोन टोकांची मते ऐकू येतात. नेहमी पिणाऱ्याला आपला ब्रँड सोडून दुसरे काही चालत नाही, तर क्राफ्ट बिअरच्या शौकिनाला ही सगळीच मंडळी पाणचट वाटतात. परीक्षक या दोन्ही मतांपासून दूर राहतो. बिअर आवडली की नाही हा प्रश्न तो बाजूला ठेवतो आणि तिला जे व्हायचे होते ते ती झाली आहे का, एवढेच पाहतो. हे काम वाटते तितके सोपे नाही. काळ्या स्टाउटमध्ये भाजलेल्या माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या सातूच्या) आड किंवा कडवट आयपीएमध्ये हॉप्स या कडू फुलांच्या आड जी चूक खपून जाते, ती फिकट लागरमध्ये उघडी पडते.

चव सौम्य का असते?

लागरचे यीस्ट थंडीत, साधारण ८ ते १४ अंश सेल्सिअसला काम करते आणि शेवटी टाकीच्या तळाशी बसते. त्यानंतर बिअर शून्याच्या आसपास मुरवत ठेवतात. सावकाश आंबल्यामुळे फळांसारखे वास कमी तयार होतात आणि चव स्वच्छ राहते. बव्हेरियात ही पद्धत जुनी होती, पण तिथली बिअर गडद रंगाची असे. १८४२ मध्ये बोहेमियातल्या पिल्सन शहरात योझेफ ग्रोल या बव्हेरियन कारागिराने तिथले मृदू पाणी, फिकट माल्ट आणि साट्स जातीचे हॉप्स वापरून सोनेरी लागर बनवली. आजच्या बहुतेक लागर तिच्याच वंशातल्या. पुढे १८७०च्या दशकात कार्ल फॉन लिंडे यांच्या शीतयंत्रामुळे बर्फावरचे अवलंबित्व संपले. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल क्रिस्तियन हान्सेन यांनी एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवले आणि प्रत्येक घाणा सारखा उतरवणे शक्य झाले.

अमेरिकेत गेलेल्या जर्मन कारागिरांना तिथल्या सातूत प्रथिने जास्त आढळली. त्यामुळे बिअर गढूळ आणि जड होई. त्यांनी माल्टच्या जोडीला मका किंवा तांदूळ घेतला. तांदळाला स्वतःची चव जवळजवळ नसते. त्याच्या पिष्टाची साखर होते, ती यीस्ट खाऊन टाकते आणि बिअर हलकी, कोरडी होते. १८७६ मध्ये बाजारात आलेली बडवायझर याच रीतीची. भारतातल्या बाटल्यांवरची घटकांची यादी वाचली तर माल्टच्या पुढे तांदूळ, मका किंवा साखर यांपैकी काहीतरी बहुधा सापडते. याला भेसळ म्हणता येत नाही. ही या प्रकाराची ठरलेली पाककृती आहे.

हॉप्सचा कडवटपणा आयबीयू या एककात मोजतात. एक आयबीयू म्हणजे ढोबळमानाने एका लिटरमागे हॉप्सच्या कडू आम्लांचा एक मिलिग्रॅम. बिअर परीक्षकांना प्रमाणपत्रे देणारी बीजेसीपी ही अमेरिकी संस्था १९८५ पासून काम करते. तिच्या नियमावलीत अमेरिकन लागरसाठी ८ ते १८ आयबीयू ही मर्यादा आहे, तर पिल्सनच्या परंपरेतल्या चेक लागरसाठी ती ३० ते ४५ आहे. अमेरिकन लागरमध्ये ठळक चव जाणवणे हाच दोष मानला जातो. त्यामुळे अशा बिअरला ‘हॉप्स कमी आहेत’ म्हणून गुण कापणे चुकीचे ठरते.

ग्लास, तापमान आणि फेस

बाटली तोंडाला लावून बिअर पिता येते, पण पारखता येत नाही. वास घ्यायला ग्लासच लागतो, तोही तेलकटपणाचा मागमूस नसलेला. ग्लास स्वच्छ आहे की नाही हे बिअरच सांगते. ओतल्यावर बुडबुडे आतल्या काचेला जागोजागी चिकटून बसले, तर तिथे साबण किंवा तेल राहिले आहे असे समजावे. स्वच्छ ग्लासात बुडबुडे सरळ वर जातात आणि प्रत्येक घोटानंतर काचेवर फेसाची जाळीदार कडी उरते. तळलेला चखणा खाताना ओठांचे तेल ग्लासाला लागते आणि चांगला फेसही पाहता पाहता बसतो. त्याचा दोष बिअरला देऊ नये.

ग्लास तिरका धरून ओतायला सुरुवात करावी आणि अर्ध्यावर आल्यावर तो सरळ करावा, म्हणजे दोन-तीन सेंटिमीटर फेस येतो. हा फेस माल्टमधली प्रथिने आणि हॉप्सची कडू आम्ले मिळून धरून ठेवतात. तांदूळ आणि साखर वाढली की प्रथिने घटतात आणि फेस लवकर विरतो. स्वस्त लागरमध्ये फेस फार टिकला नाही तरी परीक्षक ते समजून घेतात. बिअर मात्र आरपार नितळ असावी लागते.

बर्फासारखी थंड बिअर उन्हाळ्यात सुखद वाटते, पण त्या थंडीत जीभ बधिर होते आणि वास वर येत नाही. जाहिरातीतला हिमाच्छादित ग्लास दोष झाकायला उत्तम, पारखायला निरुपयोगी. ७ ते १० अंशांच्या आसपास चव-वास स्पष्ट होतात. फ्रीजमधून काढलेली बाटली काही मिनिटे बाहेर ठेवली तरी पुरते.

ओतल्याबरोबर पहिल्यांदा वास घ्यावा, कारण काही वास क्षणात उडून जातात. लांब श्वास घेण्यापेक्षा दोन-तीन छोटे हुंगे बरे. मग घोट घेऊन तो तोंडात फिरवावा आणि गिळावा. वाइनचे परीक्षक घोट थुंकतात. बिअरचे परीक्षक सहसा तसे करत नाहीत, कारण कडवटपणा गिळल्यानंतर किती वेळ रेंगाळतो हे पाहायचे असते. चांगल्या लागरमध्ये आधी माल्टचा किंचित गोडवा येतो, मागोमाग हलका कडवटपणा आणि शेवटी जीभ कोरडी, स्वच्छ होते. दोन नमुन्यांच्या मध्ये पाणी आणि साधा पाव घेतात. मसाला पापड आणि शेव यांच्यासोबत लागर छान लागत असली, तरी त्यानंतर तिची परीक्षा होऊ शकत नाही.

दोष कसे ओळखावेत?

लागर पारखण्याचा मोठा भाग म्हणजे दोष हुडकणे. त्यांतले काही कारखान्यात शिरतात, तर काही बाटली बाहेर पडल्यावर.

लोण्याचा किंवा बटर पॉपकॉर्नचा वास आला की तो डायअसिटिलचा. यीस्ट काम करताना त्याची पूर्वसामग्री बाहेर टाकते आणि तयार झालेले डायअसिटिल पुढे स्वतःच शोषून घेते. त्यासाठी शेवटी तापमान किंचित वाढवून यीस्टला थोडे दिवस द्यावे लागतात. घाई केली की लोणी उरते. उकडलेल्या मक्याचा किंवा शिजलेल्या कोबीचा वास डायमिथिल सल्फाइडचा असतो. तो फिकट माल्टमधून येतो आणि पातेले नीट उकळले की वाफेबरोबर निघून जातो. काही जर्मन लागरमध्ये त्याची पुसट छटा चालते, ठळक वास मात्र चालत नाही. हिरव्या सफरचंदाचा वास असिटाल्डिहाइडचा. बिअर पुरती मुरण्याआधीच भरली की तो राहून जातो.

बाहेर लागणारे दोष ग्राहकाच्या जास्त वाट्याला येतात. पहिला दोष उजेडाचा. ऊन किंवा ट्यूबलाइटचा प्रकाश बिअरवर पडला की हॉप्सची कडू आम्ले फुटतात आणि एक गंधकयुक्त संयुग तयार होते. स्कंक हा अमेरिकी प्राणी जो वास सोडतो त्याच जातीचा हा वास. भारतीय नाकाला तो जळक्या रबरासारखा उग्र वाटतो. हे संयुग लिटरमागे काही नॅनोग्रॅम असले तरी नाकाला कळते. तपकिरी काच हा प्रकाश बराचसा अडवते, हिरवी थोडा आणि पारदर्शक काच जवळजवळ नाहीच. म्हणून पारदर्शक बाटलीत भरण्यासाठी काही कंपन्या प्रकाशाने न फुटणारा, प्रक्रिया केलेला हॉप्सचा अर्क वापरतात. कॅनमध्ये हा प्रश्नच येत नाही.

दुसरा दोष उष्णतेचा आणि वयाचा. बाटलीत राहिलेल्या थोड्याशा ऑक्सिजनमुळे बिअर हळूहळू शिळी होते. हॉप्सचा ताजेपणा जातो, ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते आणि एक चिकट गोडवा मागे राहतो. या धंद्यात ३-३०-३०० असा एक ढोबळ हिशेब सांगतात. साधारण ३२ अंशांत ३ दिवस, २२ अंशांत ३० दिवस आणि ३ अंशांत ३०० दिवस ठेवलेली बिअर सारखीच शिळी होते. विदर्भातल्या मे महिन्यात ट्रकमध्ये किंवा बिअर शॉपीच्या बंद गोदामात पडून राहिलेल्या खोक्याचे काय होत असेल, ते यावरून कळते. लेबलवरची मुदत पाळली गेली असली तरी बिअर ताजी असेलच असे नाही.

स्ट्राँगचे परीक्षण आणि ग्लिसरीनची समजूत

भारतात नियमांनुसार ५ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेली बिअर साधी आणि ५ ते ८ टक्क्यांची स्ट्राँग. खप स्ट्राँगचाच जास्त आहे. तिची तुलना साध्या बिअरशी करणे बरोबर नाही. स्ट्राँगमध्ये गोडवा थोडा अधिक आणि गिळताना घशात हलकी ऊब असणे साहजिक आहे. स्पिरिटसारखा झोंबणारा वास आला किंवा घसा जळजळला, तर मात्र आंबवताना तापमान हाताबाहेर गेल्याचा संशय येतो.

भारतीय बिअरमध्ये ग्लिसरीन घालतात आणि ते काढून टाकता येते, ही समजूत अजूनही टिकून आहे. त्यासाठी उघडी बाटली पाण्याच्या ग्लासात उलटी धरतात. बाटलीच्या तोंडातून तेलकट दिसणारी एक धार पाण्यात खाली उतरते आणि ‘ग्लिसरीन निघालं’ असे जाहीर होते. प्रत्यक्षात ती धार बिअरचीच असते. न आंबलेल्या शर्करांमुळे बिअर पाण्यापेक्षा किंचित जड असते, म्हणून ती खाली जाते आणि तिच्या जागी पाणी बाटलीत चढते. दोन द्रवांतून प्रकाश वेगळा वळतो, त्यामुळे ती धार तेलकट दिसते. ग्लिसरीन प्रत्येक बिअरमध्ये असते, कारण यीस्टच ते बनवते. लिटरमागे साधारण एक-दोन ग्रॅम आणि बिअरभर सारखे मिसळलेले. या खटाटोपाने बिअर पातळ होते आणि तिचा वायू उडतो, एवढेच.

डोळे झाकून

चवीवर लेबलचा परिणाम किती होतो, हे १९६४ मध्ये राल्फ अॅलिसन आणि केनेथ उल या अमेरिकी संशोधकांनी दाखवले. नेहमी बिअर पिणाऱ्यांना लेबल नसलेल्या बाटल्या दिल्या, तेव्हा बहुतेकांना आपला ब्रँड ओळखता आला नाही. लेबल लावल्यावर त्याच बिअरला त्यांनी जास्त गुण दिले आणि आपल्या ब्रँडला सर्वाधिक.

म्हणूनच परीक्षण नेहमी नाव झाकून होते. कारखान्यांत रूढ असलेली त्रिकोणी चाचणी १९४०च्या दशकात कार्ल्सबर्गमध्ये आकाराला आली. तीन ग्लासांपैकी दोनांत एक बिअर आणि तिसऱ्यात दुसरी असते. वेगळा ग्लास कोणता ते सांगायचे. केवळ नशिबाने उत्तर बरोबर येण्याची शक्यता तीनात एक असते, म्हणून चाचणी अनेकदा करतात. एकच ब्रँड वेगवेगळ्या कारखान्यांत बनतो. भारतात तर मद्यावरचे कर राज्यागणिक बदलतात, म्हणून कंपन्या राज्याराज्यांत कारखाने चालवतात. महाराष्ट्रात तळोजा आणि छत्रपती संभाजीनगरजवळचे वाळूज ही त्यांची ठिकाणे. सगळीकडची चव एक ठेवण्यासाठी अशा चाचण्या उपयोगी पडतात.

बीजेसीपीच्या स्पर्धांत प्रत्येक बिअरला ५० पैकी गुण मिळतात. वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडातल्या भरीवपणाला आणि वायूला ५, एकूण प्रभावाला १०. ३० ते ३७ गुण म्हणजे खूप चांगली, ३८ च्या पुढे उत्कृष्ट, १४ च्या खाली सदोष. गुण प्रकारानुसार देतात, त्यामुळे उत्तम बनलेली साधी लागर ४० च्या वर जाऊ शकते आणि फसलेली महागडी क्राफ्ट बिअर २० वर अडकू शकते.

या मापाने पाहिले तर बाजारातल्या मोठ्या ब्रँडची ताजी लागर क्वचितच नापास होते. तिच्यात खोली नसते, पण तशी ती अपेक्षितही नाही. ती स्वच्छ, नितळ, कोरडी आणि दर वेळी सारखी असावी, एवढीच अट आहे आणि ती पाळणे अवघड आहे. नापास होते ती बहुधा उन्हात ठेवलेली, जुनी किंवा तापलेली बाटली. म्हणून ब्रँडवरून वाद घालण्याआधी बाटली फिरवून निर्मितीची तारीख वाचावी, आणि दुकानाच्या काचेतल्या उजेडात ठेवलेल्या बाटलीऐवजी आतल्या फ्रीजमधली किंवा कॅन मागावा.