खिशातला की खांद्यावरचा?

बऱ्याच घरांत कपाटाच्या वरच्या कप्प्यात एक काळी बॅग असते. दहा-बारा वर्षांपूर्वी दादाने किंवा काकाने हौसेने डीएसएलआर घेतलेला असतो. गोव्याची ट्रिप, ताईचं लग्न, गणपती असं सगळं त्यात टिपलं जातं. मग फोनचे कॅमेरे सुधारतात आणि बॅग वर जाते ती जातेच. आता तुम्हाला फोटोग्राफीचं वेड लागलंय आणि घरचे म्हणतायत, "आहे की तो कॅमेरा, तोच वापर!" इकडे इन्स्टावर मात्र जो तो खिशात मावणारा छोटा कॉम्पॅक्ट कॅमेरा मिरवतोय.

घरात अशी बॅग नसेल तरी प्रश्न तोच आहे. शिकवण्या घेऊन, इव्हेंटला उभं राहून, सुट्टीत इंटर्नशिप करून थोडे पैसे साठलेत. नवा मिररलेस परवडणारा नाही. सेकंड हँड घ्यायचा तर एक तर जुना डीएसएलआर येईल, नाहीतर बरा कॉम्पॅक्ट. दोन्ही नाहीत. आणि निवड फसली तर पुन्हा तेवढे पैसे साठायला वर्ष जाणार. म्हणजे विषय छंदाचा असला तरी पैसे घामाचे आहेत. मग घ्यायचं काय?

इंचाचा घोळ

आधी मेगापिक्सेल डोक्यातून काढा. बघायचा तो सेन्सर. लेन्समधून आलेला प्रकाश ज्या चकतीवर पडतो तो सेन्सर जितका मोठा, तितका कमी उजेडात फोटो स्वच्छ येतो. २०१४ चा निकॉन डी३३०० घ्या. हा अगदी एंट्री लेव्हल डीएसएलआर. त्याचा सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा आहे. या मापाला एपीएस-सी म्हणतात. आता २०१२ चा सोनी आरएक्स१०० घ्या. कॉम्पॅक्ट घेणाऱ्यांच्या यादीत हे नाव असतंच. त्याचा सेन्सर 'एक इंची' म्हणून विकला जातो, पण मोजला तर १३.२ बाय ८.८ मिलिमीटर भरतो. म्हणजे कुठलीच बाजू एक इंच नाही! हे नाव जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतल्या नळ्यांच्या मापावरून चिकटलंय. क्षेत्रफळात तो डीएसएलआरच्या एक तृतीयांशाच्या आसपास येतो.

इथवर ऐकून डीएसएलआर जिंकला असं वाटेल. थांबा, अजून लेन्सचं बोललोच नाही. डीएसएलआरसोबत येणारी १८-५५ ची किट लेन्स झूम न करता एफ/३.५ पर्यंतच उघडते. आरएक्स१०० ची लेन्स एफ/१.८ पर्यंत उघडते, म्हणजे सेन्सरच्या तेवढ्याच जागेवर जवळपास चौपट प्रकाश. सेन्सर एक तृतीयांश आणि प्रकाश चौपट, हिशोब बरोबरीत सुटला! कँटीनच्या पिवळ्या उजेडात मित्रांचा झूम न करता ग्रुप फोटो काढलात, तर खांद्यावरचा किट लेन्सवाला कॅमेरा आणि खिशातला आरएक्स१०० यांत फारसा फरक दिसणार नाही.

फरक दिसतो तो पुढे. झूम करत गेलं की आरएक्स१०० ची लेन्स एफ/४.९ पर्यंत मिटते आणि पारडं डीएसएलआरकडे झुकतं. आणि डीएसएलआरला एफ/१.८ ची साधी ३५ किंवा ५० एमएम लेन्स लावली, तर छोटा कॅमेरा स्पर्धेतच राहत नाही. थोडक्यात, डीएसएलआरची खरी ताकद बॉडीत नसून पुढे लागणाऱ्या लेन्समध्ये आहे. सगळे पैसे बॉडी आणि किट लेन्सवर संपवून पुढे दुसरी लेन्स घेणारच नसाल, तर तुम्ही वजनाचे पैसे भरताय.

सगळे कॉम्पॅक्ट सारखे नसतात

सध्या वायटूके लूकच्या नावाखाली वीस वर्षांपूर्वीचे डिजिकॅम भाव खातायत. त्यातल्या बहुतेकांचे सेन्सर नखाएवढे आहेत, जेमतेम ६ बाय ४.५ मिलिमीटर. आजच्या चांगल्या फोनचा मुख्य सेन्सर याहून मोठा असतो. तो 'व्हिंटेज' लूक बराचसा समोरून थेट मारलेल्या फ्लॅशमुळे येतो. आत्याच्या ड्रॉवरमध्ये असा एखादा सापडला तर जरूर वापरा, मजा येते. पण साठवलेले सगळे पैसे त्यावर घालू नका.

दुसऱ्या टोकाला रिको जीआर ३ आहे. २०१९ चा हा कॅमेरा २५७ ग्रॅमचा, पण आत डीएसएलआरएवढा एपीएस-सी सेन्सर. झूम मात्र नाही. जवळ जायचं असेल तर पायांनी जायचं. सेकंड हँडमध्येही तो स्वस्त नाही. मधला रस्ता 'एक इंची'वाल्यांचा: आरएक्स१०० मालिका किंवा कॅननची जी७ एक्स मालिका.

खांद्यावरच्याची बाजू

डीएसएलआरच्या पोटात आरसा असतो. लेन्समधून आलेला प्रकाश आरशावर आपटून वर व्ह्यूफाइंडरमध्ये जातो, म्हणजे तुम्ही समोरचं दृश्य काचेतून थेट बघता. मध्ये स्क्रीन नाही, त्यामुळे रेंगाळणं नाही. दहीहंडीचा सर्वांत वरचा थर हंडीला हात घालतो ते अर्धं सेकंद, कबड्डीत रेडर रेषेकडे झेप घेतो तो क्षण, अशा वेळी जुना डीएसएलआरही जुन्या कॉम्पॅक्टपेक्षा भरवशाचा. एप्रिलच्या भर उन्हात आरएक्स१०० च्या स्क्रीनवर काही दिसत नाही आणि त्या पहिल्या मॉडेलला व्ह्यूफाइंडरच नाही. तो हवा असेल तर २०१४ च्या आरएक्स१०० मार्क ३ पासून पुढचं मॉडेल बघा.

बॅटरीतही मोठा फरक आहे. ठरलेल्या मानक चाचणीत डी३३०० एका चार्जवर ७०० फोटो काढतो, आरएक्स१०० ३३०, आणि रिको जीआर ३ फक्त २००. कॉलेज फेस्टिव्हलचं कव्हरेज अंगावर असेल तर हा आकडा महत्त्वाचा.

आणि शिकणं! हाताला लागणारं डायल, शटर स्पीड बदलला की फोटोत पडणारा फरक, लेन्स बदलली की बदलणारं जग, हे डीएसएलआरवर पटकन अंगवळणी पडतं. पुढे कुणाच्या साखरपुड्याचं, बारशाचं काम मिळालं तर लोकांना हातात मोठा कॅमेरा दिसला की बरं वाटतं. हसू नका, पहिलं मानधन असंच मिळतं.

खिशातल्याची बाजू

डी३३०० किट लेन्ससकट साधारण ६५५ ग्रॅम भरतो. बॅग, चार्जर, आणखी एक लेन्स धरली की किलोच्या पुढे. आरएक्स१०० बॅटरी आणि कार्डासकट २४० ग्रॅम. कळसूबाईच्या शिड्या चढताना किंवा सकाळच्या ८.१२ च्या लोकलमध्ये लटकताना हा फरक खांद्याला कळतो. आणि खांद्याला कळला की दुसऱ्या दिवसापासून कॅमेरा घरी राहतो.

आवाजाचंही तसंच. डीएसएलआरचा आरसा प्रत्येक क्लिकला वर उडतो, 'खटॅक' करतो. एकांकिकेच्या तालमीत नायिका श्वास रोखून उभी असताना हा आवाज अख्ख्या हॉलला ऐकू जातो. छोट्या कॅमेऱ्याचं शटर जवळजवळ मुकं असतं. शिवाय मोठा कॅमेरा दिसला की गेटवरचे वॉचमनकाका "परमिशन आहे का?" विचारणार हे ठरलेलं.

पण सर्वांत मोठा फरक समोरच्या माणसात पडतो. आमच्या वर्गातल्या एका मैत्रिणीने असाइनमेंटसाठी आजीवर फोटो-स्टोरी करायला घेतली. घरातला डीएसएलआर डोळ्याला लावला की आजी हातातलं काम टाकून पदर सारखा करून ताठ बसायची, पासपोर्टचा फोटो काढतात तशी. आठवडाभर हेच. मग मैत्रिणीने कुणाचा तरी छोटा कॅमेरा मागून आणला. पहिल्या दिवशी आजीने विचारलं, "हा काय खेळ?" आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली. त्या निवडण्याचे, पेपर वाचता वाचता लागलेल्या डुलकीचे, देवघरासमोर गुडघ्यावर हात टेकून उठण्याचे फोटो तिच्याकडे आहेत. तांत्रिकदृष्ट्या ते डीएसएलआरइतके कडक नसतील, पण त्यांत आजी आहे. उद्या आजी नसेल तेव्हा घरातले लोक नॉइज मोजत बसणार नाहीत.

हे फक्त घरापुरतं नाही. मॅग्नम या नामांकित संस्थेचा छायाचित्रकार अ‍ॅलेक्स माजोली याने २००३ च्या आसपास काँगो आणि इराकमध्ये ऑलिंपसच्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांवर काम केलं. जपानचे दाइदो मोरियामा रस्त्यावरचे फोटो काढायला रिकोचे छोटे जीआर कॅमेरे वापरत आले. छोटा कॅमेरा म्हणजे हौशी कॅमेरा, हा समज सोडून द्या.

रील्स करणार असाल तर

जुना डीएसएलआर घेताना इथे सांभाळा. व्हिडिओ सुरू केला की आरसा वर जातो आणि बऱ्याच जुन्या मॉडेल्सचा ऑटोफोकस चाचपडायला लागतो. अपवाद म्हणजे २०१३ च्या ७०डी पासून कॅननने आणलेला ड्युअल पिक्सेल ऑटोफोकस. तो २०१७ च्या २००डी मध्येही आहे, पण खूप खपलेल्या १३००डी मध्ये नाही. कॉम्पॅक्टमध्ये कॅनन जी७ एक्स मार्क ३ ला वर वळणारी स्क्रीन आणि माइक लावायला जागा आहे. पहिल्या आरएक्स१०० ला दोन्ही नाही.

शंभर फोटोंची परीक्षा

आता निर्णय. फोनची गॅलरी उघडा आणि मनापासून काढलेले शेवटचे शंभर फोटो बघा. स्क्रीनशॉट आणि नोट्सचे फोटो वगळा. प्रत्येक फोटोला एकच प्रश्न विचारा: मी विषयापासून किती लांब उभा होतो, उभी होते? स्टेज, मैदान, पक्षी, मिरवणूक असे लांबून झूम करून फाटलेले फोटो जास्त निघाले, तर तुम्हाला लेन्स बदलणारा कॅमेरा हवा. डीएसएलआर घ्या. हाताच्या अंतरावरचे मित्र, घर, रस्ता, प्रवास, टपरी जास्त निघाले, तर कॉम्पॅक्ट. आणि शंभर फोटो गोळा व्हायलाच सहा महिने मागे जावं लागलं, तर सध्या पैसे बँकेत ठेवा.

कपाटात डीएसएलआर आधीच असेल तर लगेच विकू नका. महिनाभर रोज बाहेर न्या. नेला गेला, तर फक्त एफ/१.८ ची लेन्स घ्या. पण निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडींमध्ये फोकसची मोटर नसते. स्वस्त मिळाली म्हणून जुनी ५० एमएम 'डी' लेन्स घेतलीत तर फोकस हाताने फिरवत बसाल. 'एएफ-एस' लिहिलेलीच घ्या. महिनाभरात चार दिवसच बाहेर पडला, तर उत्तर तुम्हाला मिळालंच.

दुकानात डोळे उघडे

मुंबईत फोर्टचा बोरा बाजार असो वा तुमच्या शहरातलं ओळखीचं दुकान, सेकंड हँड घेताना घाई नको. डीएसएलआरचं शटर किती वेळा उडालंय ते विचारा. निकॉनच्या फोटो फाइलमध्येच तो आकडा सापडतो. एंट्री लेव्हल बॉडीला साधारण एक लाख क्लिक हे ढोबळ माप धरतात. लेन्समधून मोबाइलचा टॉर्च आरपार टाका. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. आपल्या पावसाळ्यात, त्यातून कोकण-मुंबईच्या दमट हवेत, ती बंद बॅगेत हमखास धरते. तशी लेन्स फुकट मिळाली तरी नको.

कॉम्पॅक्ट दहा वेळा चालू-बंद करा, झूम पूर्ण आत-बाहेर न्या आणि कान द्या. कर्रकर्र आवाज आला किंवा लेन्स अडखळली तर कॅमेरा परत ठेवा. मग लेन्सचं तोंड एफ/८ पर्यंत मिटवून आकाशाचा फोटो काढा आणि मोठा करून बघा. काळे ठिपके म्हणजे आत गेलेली धूळ. डीएसएलआरचा सेन्सर लेन्स काढून साफ करून घेता येतो, कॉम्पॅक्ट मात्र अख्खा उघडावा लागतो. म्हणून समुद्राची वाळू आणि रंगपंचमी या दोन्हींपासून त्याला लांब ठेवा.

कोणताही घेतलात तरी हवाबंद डबा आणि सिलिका जेलची पुडी त्याच दिवशी घ्या. बिल मागा, चार्जर आणि बॅटरी तिथेच लावून बघा. आणि पहिल्या रविवारी ट्रेकला किंवा फेस्टला जायच्या आधी घरातल्या सगळ्यांचा एकेक फोटो काढा. पोज द्यायला लावू नका, जो जे करत असेल ते करू द्या.